चौकवाले की खोलीवाले? इराणवरच्या युद्धाला अन् निर्बंधांना विरोध करायचाय तर नागपुरात कुठं जावं

2025 च्या जूनमध्ये अमेरिकेनं इराणच्या फोर्दो, नतान्झ अन् इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले तेव्हापासून ओळखीतली दोन-चार पोरं विचारून राहिली, की काका, याच्याविरुद्ध काही करायचं तर जायचं कुठं. व्यापार अन् बँकव्यवहार तोडणारे निर्बंध म्हणजे काय, 2018 ला ट्रम्प इराणसोबतच्या अणुकरारातून का बाहेर पडला, हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्यामुळे ते इथं उगाळत नाही. प्रश्न गट कोणता निवडायचा एवढाच आहे, अन् मी दोन्हीकडे बसलोय. नावं घेत नाही, दोन्हीकडे अजून चहा मिळतो अन् तो मिळत राहावा अशी इच्छा आहे. एकाला चौकवाले म्हणतो, दुसऱ्याला खोलीवाले.

चौकवाले म्हणजे संविधान चौकात बॅनर घेऊन उभे दिसतात ते. डाव्या वळणाचे, युनियनमध्ये आयुष्य गेलेले, बँकेतून एलआयसीतून रिटायर झालेले, अन् सोबत थोडी कॉलेजची पोरं. या लोकांची शिस्त मानावी लागते बावा. रात्री बातमी आली की सकाळी बॅनर तयार, पोलीस परवानगीचा अर्ज गेलेला, माईक सांगून ठेवलेला, पेपरवाल्यांना फोन झालेले. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत सत्तरीतला माणूस घोषणा देत उभा राहतो अन् संपल्यावर सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घालतो, हे मी पाह्यलंय. नवीन माणसाला काम शिकायचं असेल, निवेदन कुठं द्यायचं, पोलिसाशी कसं बोलायचं, दहाच जण आले तरी सभा कशी उभी करायची, तर यांच्यापेक्षा चांगली शाळा शहरात नाही. फक्त डिसेंबरात अधिवेशन चालू असताना इराणचा विषय काढू नका, तेव्हा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अख्ख्या महाराष्ट्राचे मोर्चे येऊन थडकतात, त्यात तेहरान कोण ऐकणार.

अन् क्युबाचा विषय असेल तर मी तुम्हाला डोळे मिटून चौकवाल्यांकडेच पाठवीन. तिथं यांची पुण्याई मोठी आहे. सोव्हिएत युनियन कोसळल्यावर क्युबात खायचे वांधे झाले तेव्हा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते हरकिशनसिंग सुरजित यांनी देशभर फिरून दहा हजार टन गहू गोळा करवला अन् 1992 मध्ये जहाज भरून पाठवला, त्याच वर्षी अमेरिकेनं कायदा केला की क्युबाला जाऊन आलेलं जहाज 180 दिवस आमच्या बंदरात लागणार नाही. अमेरिकेनं केलेली क्युबाची नाकेबंदी उठवा म्हणून युनोच्या आमसभेत 1992 पासून ठराव होतो, भारत बाजूनंच मत देतो, 2024 ला 187 विरुद्ध 2 असा निकाल होता, अन् नाकेबंदी 1962 पासून आहे तिथंच आहे. हे आकडे चौकवाल्यांच्या तोंडपाठ असतात, झोपेतून उठवून विचारा.

खोलीवाले धरमपेठेत एका रिटायर्ड प्राध्यापकांच्या घरी वरच्या मजल्यावर बसतात. सात-आठ डोकी. त्यात सेवाग्रामला वाढलेले एक सर्वोदयी काका, एक वकील, फार्मसी शिकवणारे एक सर, आंबेडकरी चळवळीत अनेक वर्षं काढलेल्या एक ताई. बाहेर बोर्ड नाही, फेसबुक पेज नाही, बातमी कधी छापून येत नाही. काम काय करतात, तर वाचतात, खासदारांना अन् परराष्ट्र खात्याला पत्रं लिहितात, कॉलेजात बोलवलं तर जाऊन बोलतात. अन् वाद घालतात. एका पत्राला महिना लागतो, कारण सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय पत्र जात नाही. तुमचं रक्त गरम असेल तर दुसऱ्याच रविवारी डोकं फिरेल तुमचं.

पण मला निर्बंध खरे कळले ते या खोलीत. औषधांवर निर्बंध नाहीत असं अमेरिका नेहमी सांगते, कागदावर ते खरंही आहे, पण फार्मसीच्या सरांनी एकदा नीट उलगडून सांगितलं की औषधाला सूट आहे हो, पण त्याचे पैसे कोणती बँक वळते करणार, उद्या दंड बसला तर कोण भरणार, म्हणून बँका अन् कंपन्या सूट असूनही हात वर करतात. फुलपाखरू मुलं म्हणतात ना, कातडी नुसत्या घासण्यानं सोलून निघते असा जन्मजात आजार असलेली, त्यांच्यासाठीची मऊ फोमची पट्टी युरोपातून जायची, ती 2018 नंतर याच पायी अडकली. आपलंही तेच. इराणी तेलाचे पैसे आपल्या यूको बँकेत रुपयात जमा व्हायचे अन् त्यातूनच इराण आपला माल घ्यायचा, 2019 च्या मेमध्ये आपण इराणी तेल घेणं थांबवलं, त्या खात्यात रुपये साठणं बंद झालं, अन् बासमती विकणारे पैशासाठी ताटकळत बसले. चौकात हे सगळं ‘साम्राज्यवाद मुर्दाबाद’मध्ये येऊन जातं. येतं बरोबर, पण मग आठवडाभरानं भाच्यानं विचारलं की म्हणजे नेमकं काय होतं रे मामा, तर सांगता येत नाही.

आता मुद्द्याचं. माझं चौकातलं मन उठलं ते निवेदनापायी. चौकवाल्यांचं निवेदन वरून टाईप होऊन येतं. खाली सह्या करायच्या, कलेक्टर ऑफिसात द्यायचं, फोटो काढायचा. त्यातला एक शब्द इकडचा तिकडं होत नाही. 2022 च्या सप्टेंबरात तेहरानमध्ये महसा अमिनी ही बावीस वर्षांची पोरगी हिजाबवरून पोलिसांच्या ताब्यात असताना मेली, बायका रस्त्यावर उतरल्या, अन् त्याच सुमारास आमचं निर्बंधविरोधी निवेदन निघालं. मी म्हटलं यात एक ओळ घालू, की आम्ही निर्बंधांविरुद्ध आहो अन् या बायकांच्या बाजूनं आहो. फार नाही, एक ओळ. उत्तर आलं, साथी, ही वेळ नाही.

या उत्तरात दम नाही असं मी म्हणणार नाही. ते म्हणतात, सद्दाम क्रूर होता हेही सांगून 2003 ला इराकवर युद्ध लादलं, मग आपण का त्यांच्या हातात काडी द्यायची. विचार करण्यासारखी गोष्ट आहे. अन् हे भांडण आपल्याकडचंच आहे असंही नाही, लंडनला 2007 मध्ये ‘हँड्स ऑफ द पीपल ऑफ इरान’ नावाचा गट निघाला, युद्ध नको, निर्बंध नको, अन् तिथल्या राजवटीलाही पाठिंबा नाही म्हणणारा, त्याला ‘स्टॉप द वॉर’ या तिथल्या युद्धविरोधी आघाडीनं आपल्यात घ्यायला नकार दिला. म्हणजे जगभर हाच वाद आहे. पण 2019 ला पेट्रोलच्या भावावरून इराणात निदर्शकांवर गोळीबार झाला तेव्हाही वेळ नव्हती, 2022 ला नव्हती, 2025 च्या युद्धात तर नव्हतीच नव्हती. वेळ कधी येणार विचारलं की चहा येतो.

तोच प्रकार आकड्यांचा. इराकवर 1990 ते 2003 निर्बंध होते, त्यात पाच लाख मुलं मेली असं फलकावर अजून असतं. हाल भयंकर झाले यात वाद नाही, युनोचे तिथले अधिकारी डेनिस हॅलिडे 1998 मध्ये अन् त्यांच्यानंतर आलेले हान्स फॉन स्पोनेक 2000 मध्ये याच कारणावरून राजीनामा देऊन गेले. पण 2017 ला बीएमजे ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आलं की तो पाच लाखांचा आकडा ज्या सर्व्हेवर उभा होता त्यात सद्दामच्या सरकारनं फेरफार केलेला होता. मी हे चौकात दाखवलं. फलक छापून झालाय म्हणे. खोलीत दाखवलं तर सर्वोदयी काकांनी चष्मा काढून दोनदा वाचलं अन् आपल्या जुन्या पत्रकातला आकडा स्वतःच्या पेनानं खोडला.

अन् एक गंमत सांगतो. वकिलाच्या ओळखीतून पुण्यात शिकणारी एक इराणी मुलगी खोलीतल्या बैठकीत व्हिडिओ कॉलवर आली, चेहरा दाखवणार नाही या अटीवर. ती राजकारण कमी बोलली, फीचं जास्त बोलली. घरून थेट पैसे येत नाहीत, दुबईतल्या नातेवाइकामार्फत फिरून येतात, अन् येईस्तोवर रियाल आणखी पडलेला असतो. 2015 ला डॉलरला तीसेक हजार रियाल होते, 2025 मध्ये दहा लाखांच्या वर गेले, तिच्या बापाच्या पगाराचं काय झालं असेल तुम्हीच हिशोब करा. मग आमच्या पत्राचा मसुदा तिला वाचून दाखवला. त्यात माझी ती बायकांची ओळ होती, चांगली धारदार लिहिली होती मी. तीच ओळ तिनं मवाळ करायला लावली. घरचे तिकडं आहेत, पत्र कुठं फिरेल सांगता येत नाही म्हणाली. केली मवाळ. मला वाईट नाही वाटलं, कारण जिच्याबद्दल लिहितो तिला हात लावता येईल असं ते पत्र होतं. चौकात तिला कुठं पेन मिळालं असतं?

खोलीवाल्यांकडे सगळं गोड आहे असं समजू नका. एकदा विषय निघाला की सगळेच निर्बंध वाईट का, 1946 ला भारतानंच सगळ्यात आधी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता, त्याचं काय. यावर इतके रविवार गेले की इराण राहिला बाजूला. ताईंनी शेवटी मुद्दा मांडला की बहिष्कार टाका असं तिथल्या काळ्या लोकांचे नेतेच जगाला सांगत होते, इराणी लोकांनी कधी मागितले निर्बंध, अन् तिथं गाडी थांबली. रस्त्यावर मात्र हे लोक शून्य. उद्या पुन्हा बॉम्ब पडले तर संध्याकाळी चौकात चौकवालेच असतील, खोलीवाले मसुदा करत बसतील, अन् मी म्हणाल तर त्या संध्याकाळी चौकात जाऊन उभा राहीन, सही मात्र वाचून करीन.

मदतीचे पैसे गोळा करून पाठवू म्हणत असाल तर दोन्हीकडे विसरा, जिथं कंपन्यांना बँका दारात उभं करत नाहीत तिथं तुमच्या-माझ्या वर्गणीला कोण विचारतं.

तर वय विशीतलं असेल, माणसं जमवायला शिकायचं असेल, क्युबा जवळचा वाटत असेल, तर चौक. इराणसाठीच यायचं असेल अन् आपल्या सहीवर काय लिहिलंय याची खाज असेल, तर माझ्यासारखं वर या. सध्या 2025 च्या सप्टेंबरात युनोचे निर्बंध परत लागले त्यावरचा मसुदा अडकून पडलाय, मराठी टायपिंग येणारं कुणी नाही म्हणून. रविवारी साडेदहा. जिना बाहेरच्या बाजूनं आहे, चपला वर काढायच्या, खाली कुत्रं पळवतं.