इलेक्ट्रोस्पिनिंग मशीन सोलापुरात आठ महिने वापरलं, त्याचा अनुभव

जानेवारीतली गड्ड्याची यात्रा चालू होती तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत हे मशीन आलं: पॉलिमरच्या (प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या) द्रावणातून विजेनं अतिबारीक तंतू काढणारं. आता गणपती उठलेत. कंपनीचं नाव देत नाही, कारण माझ्या तक्रारीतला मोठा वाटा मशीनचा नाहीच, सोलापूरच्या हवेचा आहे. ती हवा मशीनसोबत आलेल्या पुस्तिकेत कुठंच नव्हती.

मशीन तसं साधं. एक सिरिंज पंप, ३० किलोव्होल्टपर्यंत जाणारा वीजपुरवठा आणि समोर कलेक्टर, म्हणजे फॉइल गुंडाळलेला पत्रा. (घरी 'कलेक्टरनं त्रास दिला' म्हटलं की आईला आधी कचेरीच आठवते.) सुईच्या टोकावरचा थेंब विजेनं ओढला जाऊन शंकूसारखा होतो. याच शंकूचं गणित ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये मांडलं. शंकूतून धार सुटते, गरगरत बारीक होते, द्रावक उडतो आणि फॉइलवर पांढरा पापुद्रा साचतो. त्यातला तंतू काहीशे नॅनोमीटर जाड, म्हणजे केसापेक्षा शंभरपट तरी बारीक.

बसवायला आलेल्या इंजिनिअरनं पीव्हीए हे पॉलिमर पाण्यात विरघळवून दाखवलं आणि पहिल्या झटक्यात जमलं. पीव्हीए फार सोशिक. त्यावरून मशीनला शाबासकी देऊ नका. आमचं काम पीसीएलचं: शरीरात हळूहळू विरघळणारं पॉलिमर, पेशी वाढवायच्या जाळीसाठी. क्लोरोफॉर्म आणि डीएमएफ या द्रावकांमध्ये १२ टक्के, १५ किलोव्होल्ट, १५ सेंटिमीटर अंतर, तासाला १ मिलिलिटर. या वेगानं पाच तासांत हाती काय येतं? जेमतेम ०.६ ग्रॅम. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी सरांना तारखा जरा जपून दिल्या असत्या.

फेब्रुवारीपर्यंत सगळं सुरळीत. मार्च संपता संपता सुई तुंबायला लागली. दर आठ-दहा मिनिटांनी टोकावर पॉलिमर वाळून बोंड धरायचं, धार वाकडी जायची, मग वीज बंद करा, सुई पुसा, परत सुरू. पापुद्राही फॉइलला चिकटून बसेना. केस उभे राहावेत तसे तंतू हवेत उभे राहून माझ्या हातमोज्याकडे यायचे. मी आधी द्रावण पातळ केलं. त्यानं तंतूंत मणी पडले, तुंबणं तसंच. कंपनीला फोन केला तर 'मॅडम, पॅरामीटर ऑप्टिमाइज करा.'

उत्तर घरात मिळालं. आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये स्पिनिंग खात्यात होते. जेवताना माझी रड ऐकून म्हणाले, "हवा कोरडी झाल्यावर तार तुटणारच की. आमच्या खात्यात पाण्याचे फवारे उगाच होते काय?" दुसऱ्या दिवशी अडीचशे रुपयांचा आर्द्रतामापक आणला. दुपारी काटा वीस टक्क्यांच्या आसपास! कोरड्या हवेत क्लोरोफॉर्म सुईच्या टोकावरच उडत होता आणि तंतूंवरचा विद्युतभार जायला वाटच नव्हती. मग कूलर लावला, पण खोलीत नाही, कारण वाऱ्यानं धार हलते. बाहेरच्या बोळात कूलर आणि दार वीतभर उघडं. आर्द्रता चाळिशीत आली आणि एकाच सुईनं अख्खी दुपार काढली. या तंत्राची सुरुवातीची पेटंटं घेणारे अँटन फॉर्महाल्स यांचं १९३४ सालचं अमेरिकन पेटंटसुद्धा कृत्रिम धाग्याचंच होतं, त्यामुळे आजोबांना हे आधी कळावं यात नवल नाही.

पावसाळ्यात नेमकं उलटं. आर्द्रता ७५ च्या वर गेली की पीसीएलच्या तंतूंवर बारीक खळगे दिसतात. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि त्यावर हवेतलं पाणी जमतं. हे खळगे पेशींना पकड देतात म्हणून काही जण मुद्दाम पाडतात. आम्हाला नको होते. पीव्हीए तर या दिवसांत वाळतच नाही, तंतू एकमेकांत मिसळून जातात.

बारीकसारीक: क्लोरोफॉर्मनं साध्या सिरिंजच्या दट्ट्याचं रबर फुगतं, काचेची घ्या. एक्झॉस्ट लागतोच, पण सुईपासून लांब. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की अर्थिंग कमकुवत होतं, खड्ड्यात पाणी ओता. मशीनचं दार उघडल्यावर वीज तुटते हे खरं, तरी सुईला आधी अर्थिंगची काठी टेकवल्याशिवाय हात लावू नका. मी एकदा लावला होता. मे महिन्यात विजेच्या चढउतारानं डिस्प्ले गेला आणि बदलून यायला तीन आठवडे लागले.

जैविक कामाचं म्हणाल तर पीसीएल साठ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र) विसरा; आम्ही ७० टक्के अल्कोहोल आणि यूव्ही वापरतो. नुसत्या पीसीएलवर पाण्याचा थेंब अळवाच्या पानावर राहतो तसा राहतो, म्हणून जिलेटिन मिसळायला लागलो. पुण्यात पाठवलेल्या नमुन्यांवर पेशी छान पसरल्या, पण वरच्या वर. तंतू बारीक म्हणजे मधली भोकंही बारीक, पेशी आत शिरणार कुठून? दुसऱ्या सुईनं पीईओ या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरचे तंतू मिसळून नंतर पाण्यानं धुऊन टाकले की जागा होते. आमच्या मशीनला दुसरी सुईच नाही. घेताना ही चौकशी करा.

ड्रम कलेक्टर मात्र आम्ही हौसेनं घेतला. १० सेंटिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला २००० फेऱ्यांवर फिरला की पृष्ठभागाचा वेग सेकंदाला साडेदहा मीटर होतो, आणि तंतू एका दिशेत लागतात. मज्जातंतू किंवा स्नायुबंधाच्या कामाला असेच लागतात. आजोबांना फोटो दाखवला तर म्हणाले, "ताणा झाला, बाणा कुठाय?" आठ महिन्यांत तो ड्रम अकरा वेळा फिरला. त्याच पैशांत आर्द्रता सांभाळणारी बंद पेटी मिळत होती, ती आम्ही 'चैन' म्हणून यादीतून खोडली. सोलापुरात, लातूरला, विजापूरकडे मशीन घेणार असाल तर आधी पेटी घ्या, ड्रम पुढच्या अनुदानातून. तोवर बोळातला कूलर आहेच, फक्त त्याची टाकी भरायला नळाला पाणी कधी येतं ते बघून प्रयोग लावा.