जुनी डिझेल डस्टर : गाडी दणकट, पण आधी बिले पाहावीत

रेनॉची डस्टर 2012 मध्ये भारतात आली आणि 2022 मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्यापैकी डिझेल गाड्या प्रदूषणाचे बीएस-सहा नियम लागू होण्यापूर्वीच, म्हणजे 2020 च्या सुरुवातीपर्यंत संपल्या. त्यामुळे आज बाजारात दिसणारी कोणतीही डिझेल डस्टर तशी वयस्कच आहे. तरीही खराब रस्त्यावरची तिची चाल, 205 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स आणि 475 लिटरची डिकी यांमुळे घाटात, कोकणात किंवा शेतावर नियमित जाणारे लोक ती अजूनही शोधतात, आणि माझ्या मते त्यांचे काही चुकत नाही. खड्ड्यांवरून न आपटता जाण्यात तिच्यानंतर आलेल्या अनेक महागड्या गाड्याही तिच्या मागे आहेत. प्रश्न गाडी चांगली की वाईट हा नसून, समोर उभी असलेली विशिष्ट गाडी आधीच्या मालकाने कशी राखली हा आहे. आणि त्याचे उत्तर मीटरवरील किलोमीटरपेक्षा फाइलमधील बिलांत सापडते.

सर्वात आधी टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातील पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा. या गाडीचे दीड लिटरचे के-नाइन-के डिझेल इंजिन यासाठी साखळी नव्हे, तर रबरी पट्टा वापरते. हा पट्टा चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि थेट हेडचे, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचे काम निघते. जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने हा खर्च मोठा असतो. पट्टा झाकणाआड असल्यामुळे वरवर पाहून त्याचे वय कळत नाही, आणि तुटण्यापूर्वी तो आवाज करून सूचना देईल अशी अपेक्षाही ठेवू नये. पुस्तिकेत तो बदलण्याची मर्यादा किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही हिशेबांनी धरलेली असते. म्हणून ‘गाडी फार फिरलेलीच नाही, पट्टा कशाला बदलायचा’ हा विक्रेत्याचा युक्तिवाद टिकत नाही, कारण उभ्या गाडीतही रबर जुने होतेच. बिलावर पट्ट्यासोबत टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग) आणि वॉटर पंप यांचा उल्लेख आहे का, हे पाहावे. बिल नसेल तर पट्टा बदललेलाच नाही असे धरून पूर्ण संचाचा आणि मजुरीचा खर्च किमतीतून वजा करावा, आणि गाडी ताब्यात आल्यावर लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी ते काम उरकावे.

पुढचा निर्णय इंजिनच्या ताकदीचा, म्हणजे 85 की 110 पीएस (अश्वशक्ती) हा आहे. विक्रेते 110 पीएसच्या गाडीला जास्त भाव सांगतात, आणि मोकळ्या महामार्गावर तिचा जोर खरोखरच वेगळा जाणवतो. परंतु तिच्यात व्हेरिएबल जॉमेट्री (पाती हलवून हवेचा दाब बदलणारा) टर्बो, सहा गिअर आणि ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचला जोडलेले, धक्के शोषणारे दुहेरी चाक) आहे, आणि वय झालेल्या गाडीत हेच भाग खर्चिक ठरतात. क्लच बदलायची वेळ आली की मेकॅनिक फ्लायव्हीलही तपासायला सांगतो, आणि ते गेलेले असल्यास बिल एकदम फुगते. त्यातच साधारण दोन हजार आरपीएमच्या (इंजिनच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांच्या) खाली तिचा पिकअप मंद असल्यामुळे शहरातील गर्दीत चालक अर्धा क्लच दाबून गाडी पुढे रेटत राहतो आणि क्लच आणखी लवकर झिजतो. 85 पीएसच्या गाडीत साधा टर्बो आणि पाच गिअर आहेत, आणि खालच्या आरपीएमलाच ती सहज ओढते. पुण्या-मुंबईच्या रहदारीत वापर असेल तर मी डोळे झाकून 85 ची निवड करीन. पूर्ण भरलेली गाडी घेऊन वारंवार घाट चढणाऱ्याने 110 अवश्य पाहावी, मात्र चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून पाहावा. आरपीएम वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. न्यूट्रलमध्ये क्लच सोडताना आणि इंजिन बंद करताना येणारी जड खडखड फ्लायव्हीलकडे बोट दाखवते.

गाडी पाहायला जाताना मालकाला आधीच फोन करून सांगावे की, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवावा. तो गरम लागला तर शंका घ्यावी, कारण गरम इंजिन आपले दोष झाकते. थंड इंजिनाने पहिल्या प्रयत्नात सुरू व्हायला हवे. सुरुवातीचा थोडा धूर चालतो, पण नंतरही निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळते आहे, आणि गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जात असण्याची शक्यता आहे. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण काढून ते ऑइल भरण्याच्या तोंडावर उलटे ठेवावे. ते थोडेसे थरथरले तर काही बिघडत नाही. ते उडून पडत असेल आणि तोंडातून भसाभसा वाफ येत असेल तर मेकॅनिक ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात तो प्रकार आहे, म्हणजे इंजिन आतून झिजून सिलिंडरमधला दाब खाली गळतो आहे. अशी गाडी कितीही चकाचक असली तरी तिथेच सोडावी.

चाचणीसाठी गुळगुळीत रस्ता निवडणे हा विक्रेत्याच्या फायद्याचा प्रकार आहे. डस्टर मुद्दाम तुटक्या रस्त्यावर आणि गतिरोधकांवरून, काचा खाली करून आणि रेडिओ बंद ठेवून चालवावी. तिचे सस्पेन्शन मुळात मजबूत आहे. त्यामुळे पुढून खटखट ऐकू आली तर बहुधा लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश किंवा शॉकअपच्या वरचे माउंट झिजलेले असतात. हे काम खर्चाच्या आवाक्यातले आहे आणि केवळ त्यावरून गाडी नाकारू नये. चारही चाकांनी चालणारी, 2014 च्या अखेरीस आलेली आवृत्ती मिळत असेल तर चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि सारखे झिजलेले असावेत, आणि कच्च्या जागी मागच्या चाकांनाही जोर देणारे ‘लॉक’ लावून मागची चाके खरोखर जोर घेतात का हे पाहावे.

मीटर मागे फिरवण्याचा उद्योग सर्रास चालतो, त्यामुळे त्या आकड्यापेक्षा गाडीच्या अंगावरच्या खुणा वाचाव्यात. क्लच पेडलचे रबर, स्टिअरिंगचे घासलेले आवरण आणि चालकाच्या सीटची दबलेली कड खोटे बोलत नाहीत. सुरुवातीच्या डस्टरमध्ये बाहेरच्या आरशांचे बटण हँडब्रेकच्या दांड्याखाली दडवलेले आहे (ही कल्पना कोणाला सुचली असेल, देव जाणे); तिथे हात घालून ते चालते का पाहावे, आणि त्याच वेळी आसपासच्या फटींत वाळलेला बारीक गाळ दिसतो का तेही पाहावे. कारण 2019 मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि 2021 मध्ये चिपळूणमध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला की पुराच्या पाण्याची रेघ दिसू शकते. सीटखालचे रूळ गंजलेले आणि वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर असेल तर किंमत कितीही कमी असली तरी त्या गाडीच्या वाटेला जाऊ नये. समुद्रकाठच्या गाडीला लिफ्टवर चढवून तळाचा पत्रा आणि सायलेन्सर पाहणे हा वेगळा पण तितकाच आवश्यक भाग आहे.

दिल्ली पासिंगची डस्टर स्वस्त मिळते, याचे कारण उघड आहे: राजधानी क्षेत्रात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे त्या इतर राज्यांकडे वळल्या. गाडी यांत्रिकदृष्ट्या उत्तम असू शकते, पण तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र), इथली नव्याने नोंदणी आणि इथला रस्ता कर हे सर्व धरल्यावर स्वस्ताई किती उरते याचा हिशेब कागदावर मांडावा. महाराष्ट्रातील गाडीचेही आरसी पुस्तक नीट वाचावे. त्यावर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. थकीत ई-चलन विक्रेत्याकडूनच भरून घ्यावीत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे 2012 च्या गाड्यांची मुदत 2027 मध्ये संपते. त्यानंतर फिटनेस तपासणी करून ती वाढवावी लागते, आणि भाव ठरवताना ही गोष्ट विक्रेता आपणहून काढणार नाही.

सुट्या भागांची चिंता मात्र थोडी अतिरंजित आहे. हेच इंजिन निसानच्या टेरानो आणि सनीमध्ये आणि रेनॉच्या लॉजीमध्येही होते, त्यामुळे त्याचे भाग आणि ते उघडून बसवणारे हात दोन्ही मिळतात. बाहेरचा पत्रा, दिवे आणि आतील प्लास्टिक यांना मात्र वेळ लागू शकतो. म्हणून हेडलाइट फुटलेली किंवा बंपर लटकणारी गाडी ‘नंतर बघू’ म्हणून घेण्यापेक्षा तो भाग आधी दुकानात विचारून मगच किंमत बोलावी. टेरानो ही याच गाडीची सख्खी बहीण असून मागणी कमी असल्यामुळे ती अनेकदा आणखी स्वस्त मिळते. वर सांगितलेल्या सर्व तपासण्या तिलाही जशाच्या तशा लागू होतात.