वायराउखच्या दोन स्प्रिंग रायफली आणि चाळिसावा छरा

नागपूरजवळ काटोल रस्त्यावर माझ्या मामेभावाचा संत्र्याचा बगीचा आहे. त्याच्या मागच्या धुऱ्याला विहिरीच्या खोदकामातून निघालेल्या मातीचा दोन पुरुष उंचीचा ढीग पडून आहे आणि त्याच्या पलीकडे दूरपर्यंत घर किंवा पायवाट नाही. या ढिगामुळेच गेल्या हिवाळ्यात आम्हांला एकाच जागेवरून, एकाच लक्ष्यावर, दोन उत्तम स्प्रिंग-पिस्टन एअर रायफली सलग दोन महिने चालवून पाहता आल्या. एक होती एचडब्ल्यू ३०एस आणि दुसरी एचडब्ल्यू ९७के. दोन्ही जर्मनीतील मेलरिखश्टाट येथील वायराउख कंपनीच्या, दोन्ही ४.५ मिलिमीटरच्या, आणि दोन्हींत ‘रेकॉर्ड’ या नावाने ओळखला जाणारा एकाच घडणीचा ट्रिगर. पहिली माझ्या एका सहकाऱ्याची, दुसरी मामेभावाच्या मित्राची. मला यांपैकी एक माझ्यासाठी आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या मुलीसाठी निवडायची होती, आणि आरंभी माझा कल पूर्णपणे ९७के कडे होता, हे आधीच नोंदवून ठेवतो.

स्प्रिंग रायफलीत छरा नेमका कसा सुटतो हे समजून घेतल्याशिवाय या दोघींतील निवड करता येत नाही. ट्रिगर दाबला की दाबून ठेवलेली स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते आणि रायफल त्याच क्षणी मागे सरकू लागते. पिस्टनसमोरची हवा दाबली जाऊन तिचा दाब शिगेला पोहोचतो तेव्हा कुठे छरा जागचा हलतो, आणि पिस्टन पुढच्या टोकाशी थांबताना रायफलीला उलट्या दिशेने, म्हणजे पुढे, दुसरा धक्का बसतो. याचा अर्थ असा की छरा नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच रायफल हाललेली असते. ही हालचाल थांबवता येत नाही. ती प्रत्येक वेळी सारखी व्हावी एवढेच नेमबाजाच्या हाती असते. म्हणूनच स्प्रिंग रायफल घट्ट आवळून धरत नाहीत. पुढचा भाग उघड्या तळहातावर नुसता टेकवतात, खांद्याशी हलकेच लावतात आणि तिला तिच्या मर्जीने मागेपुढे होऊ देतात. ज्या रायफलीला ही सैल पकड प्रत्येक वेळी तशीच देणे आपल्या शरीराला जमते, ती रायफल आपल्यासाठी अचूक ठरते.

९७के ही खालच्या लिव्हरने भरायची रायफल आहे. नळी जागेवर पक्की असते, लिव्हर खाली ओढला की आतला दाबकक्ष मागे सरकतो आणि छरा थेट नळीच्या मागच्या तोंडाशी ठेवता येतो. नळी कधीच मोडत नसल्यामुळे तिची रेषा बदलण्याचा प्रश्न उद्भवत नाही. नळी सुमारे ३० सेंटिमीटरची, वजन दुर्बीण न लावता चार किलोच्या आसपास. टेकूवर ठेवून चालवली तेव्हा या रायफलीने माझे मन जिंकले. पंचवीस मीटरवर पाच छरे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकता येतील इतके जवळ पडत होते, आणि चुकलेला छरा का चुकला हेही बहुतेक वेळा मला कळत होते. वजन अधिक असल्यामुळे पिस्टनचा धक्का हाताला बोथट होऊन पोहोचतो. लाकूड आणि पोलाद यांचा जोड इतका नेटका आहे की रायफल हातात घेतली की ती एकाच तुकड्यातून कोरल्यासारखी भासते.

३०एस दिसायला तिच्यापुढे साधी आहे. नळी मागच्या टोकाच्या बिजागरीशी खाली मोडून भरायची, वजन जेमतेम अडीच किलो, आणि ताकद निम्म्याहूनही कमी. जर्मनीत परवान्याशिवाय बाळगता येणाऱ्या एअर रायफलीच्या छऱ्याच्या ऊर्जेची मर्यादा ७.५ जूल आहे आणि ही रायफल त्याच मर्यादेत बसवलेली आहे. अमेरिकेत हीच घडण बीमन आर७ या नावाने वर्षानुवर्षे नावाजली गेली. आम्ही चालवलेली ९७के साधारण १६ जुलांची होती. आकडे नुसते सांगून उपयोग नाही, त्यांचा परिणाम पाहावा लागतो. ०.५५ ग्रॅमचा छरा ३०एस मधून सेकंदाला सुमारे १६५ मीटर वेगाने निघतो, ९७के मधून सुमारे २४० मीटरने. पंचवीस मीटर जाईपर्यंत पहिला छरा साधारण १२ ते १३ सेंटिमीटर खाली येतो, दुसरा सहा. म्हणजे पंचवीस मीटरवर अंतराचा अंदाज थोडा चुकला तर ३०एस त्याची शिक्षा लगेच देते आणि वाऱ्याची झुळूकही तिच्या छऱ्याला अधिक ढकलते. दहा मीटरवर मात्र हाच फरक दोन सेंटिमीटर विरुद्ध एक सेंटिमीटर एवढाच उरतो, आणि अंतर ठरलेले असल्यामुळे एकदा साइट, म्हणजे नेम धरायची खूण, लावून घेतली की तोही संपतो. नागपुरात ज्यांना घराच्या बंदिस्त आवारात किंवा मोठ्या हॉलमध्ये सराव करायचा आहे, त्यांच्या वाट्याला दहा मीटरच येतात.

ट्रिगरविषयी लिहिताना मला हात आखडता घ्यावासा वाटत नाही. रेकॉर्ड ट्रिगरची दोन टप्प्यांची चाल अशी आहे की पहिला टप्पा हलका आणि लांब, मग एक स्पष्ट भिंत, आणि त्या भिंतीवर किंचित दाब वाढवताच सुटका. कुठे खरखर नाही, कुठे रेंगाळणे नाही. लहान ३०एस मध्येही कंपनीने हाच ट्रिगर दिला आहे, त्यात काटकसर केलेली नाही, आणि माझ्या मते त्या रायफलीचे अर्धे मोल यातच आहे. माझी पहिली एअर रायफल अशी होती की चाप ओढता ओढता नेम हलून जाई, आणि मी कित्येक वर्षे तो दोष माझ्या बोटाचा समजत होतो.

पहिल्या तीन रविवारी आम्ही प्रत्येकी दहा-दहा छरे मारून पाहिले आणि प्रत्येक वेळी ९७के पुढे राहिली. चौथ्या रविवारी पद्धत बदलली. टेकू काढून टाकला, उभे राहून, दहा मीटरवर, कागदी लक्ष्यावर सलग पन्नास छरे, आणि दर दहा छऱ्यांनंतर नवा कागद. आता कागद वेगळे काही सांगू लागले. पहिल्या दोन कागदांवर ९७के चे छरे जवळ होते, तिसऱ्यावर दोघी सारख्या झाल्या, आणि चौथ्या-पाचव्या कागदावर माझ्या हातातल्या ९७के चे छरे उभ्या रेषेत पसरू लागले. कारण शोधायला वेळ लागला नाही. दुर्बिणीसह साडेचार किलोंचे वजन आणि प्रत्येक छऱ्याला तो दमदार लिव्हर ओढणे यांमुळे डावा हात थकला होता, आणि थकलेला हात नकळत रायफल आवळून धरू लागला होता. सैल पकड सुटली की स्प्रिंग रायफल नेम सोडते. मुलीचा अनुभव याहून स्पष्ट होता. विसाव्या छऱ्यालाच ती म्हणाली, “बाबा, नेम धरायच्या आधीच माझा खांदा भरून येतो.” ३०एस वर तिचा पाचवा कागद पहिल्यापेक्षा चांगला होता.

रायफल पाहायला जाणाऱ्याने म्हणूनच शक्य असेल तर पाच छऱ्यांवर निकाल देऊ नये. चाळिसाव्या छऱ्याला ती कशी वाटते ते पाहावे. आपला सराव प्रामुख्याने टेकूवर किंवा बसून, वीस ते चाळीस मीटरवर होणार असेल, तर मी निःशंकपणे ९७के घ्यायला सांगेन. तिथे तिचे वजन ओझे राहत नाही, आधार होतो.

साइटचा मुद्दा वाचकांनी हलका समजू नये. ३०एस वर पुढे बोगद्यासारखी साइट असते, तिच्यात निरनिराळ्या आकारांचे तुकडे बदलता येतात, आणि मागची साइट वर-खाली व डावी-उजवी नीट सरकवता येते. ९७के वर उघडी साइट मुळीच नाही. दुर्बिणीशिवाय ती चालवताच येत नाही. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना मागची साइट धूसर दिसते, त्यांना दुर्बीण तशीही लागेल. पण दुर्बीण घेताना एक काळजी घ्यावी. स्प्रिंग रायफलीचा धक्का मागे आणि पुढे असा दुहेरी असतो, आणि फक्त मागच्या धक्क्यासाठी बनवलेली दुर्बीण तो सोसत नाही. शहरातील एका दुकानदाराने मला पूर्वी अशीच दुर्बीण “सगळ्या बंदुकांना चालते” म्हणून दिली होती. तिसऱ्या महिन्यात तिच्या आतली उभी-आडवी रेघ तुटून सैल झाली. स्प्रिंग एअर रायफलीसाठी म्हणून बनवलेली आणि दहा मीटरपर्यंत फोकस होणारी दुर्बीणच मागावी, आणि तिचा माउंट, म्हणजे ती रायफलीवर बसवायची पकड, मागे सरकू नये म्हणून अडथळ्याची खीळ असलेला घ्यावा.

कायद्याविषयी थोडक्यात. शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा व्यास किंवा २० जुलांपेक्षा अधिक ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागतो. ३०एस या मर्यादेच्या खूप आत आहे. ९७के वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या ताकदीत बनते, त्यामुळे हाती येणाऱ्या नगाची ऊर्जा कागदावर पाहून आणि शक्य तर क्रोनोग्राफवर, म्हणजे छऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, मोजून घ्यावी, ०.५५ ग्रॅमचा छरा सेकंदाला सुमारे २७० मीटरच्या वर गेला तर २० जूल ओलांडले असे समजावे. बगीच्यातील पोपट किंवा मोर यांच्यावर रायफल रोखण्याचा सल्ला देणारे शेजारी आमच्याकडेही आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी ते केले नसते.

नागपूरच्या हवामानाचा परिणाम दोन्हींवर सारखाच होतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा वर्धा रोडवर उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत रायफल ठेवणे म्हणजे तिच्या वंगणाची आणि लाकडाची परीक्षा पाहणे होय. जून ते सप्टेंबर दमट हवेत फोमच्या पेटीत बंद ठेवलेली रायफल आतून गंजते, कारण फोम ओल धरून ठेवतो; कापडाने घामाचे हात पुसून, पोलादावर तेलाचा पातळ हात फिरवून ती मोकळ्या कपाटात ठेवावी. हे तेल दाबकक्षात मात्र जाऊ देऊ नये. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटते, धूर निघतो, छऱ्याचा वेग मनाला येईल तसा बदलतो आणि पिस्टनचे सील खराब होते. छरे शिशाचे असतात, त्यामुळे सकाळच्या सरावानंतर वहिनींनी तर्री-पोहे पुढे केले की आम्ही आधी साबणाने हात धुतो.

छरा भरतानाची सवय दोन्ही रायफलींत जीवापाड पाळावी लागते. ३०एस ची मोडलेली नळी छरा ठेवेपर्यंत दुसऱ्या हाताने घट्ट धरायची, आणि ९७के चा लिव्हर तर बोट आत असेपर्यंत एक क्षणही सोडायचा नाही. तो दाबकक्ष चुकून सुटला तर बोट वाचत नाही. मुलीला मी पहिला पूर्ण दिवस, एकही छरा न मारता, एवढेच करायला लावले.

मी ३०एस निवडली. दहा मीटर, उभ्याने नेम, दोघांचा सराव आणि सकाळी शंभर छरे मारूनही न दुखणारा खांदा, या माझ्या गरजा होत्या आणि त्या तिने पूर्ण केल्या. तरीही टेकूवरच्या ९७के चा तो नाण्याखाली झाकला जाणारा छऱ्यांचा ग्रुप माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, आणि मामेभावाच्या मित्राला मी सांगून ठेवले आहे की त्यांनी ती कधी विकायला काढली, तर पहिला निरोप मलाच द्यावा.