सरकारी एआरटी केंद्र : गोळीला पैकीच्या पैकी, बाकड्याला काठावर पास

1 एप्रिल 2004 रोजी देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीचं मोफत औषध, म्हणजे एआरटी, सुरू झालं. मुंबईचं जे. जे. त्यातलं एक. तेव्हा गोळ्या दिवसातून दोनदा घ्याव्या लागायच्या आणि त्रासही बराच व्हायचा. आता बहुतेक प्रौढांना टीएलडी ही एकच गोळी मिळते : टेनोफोव्हिर 300 मिलीग्रॅम, लॅमिव्हुडिन 300 आणि डोल्युटेग्राव्हिर 50. सकाळी घ्या, रात्री घ्या, उपाशीपोटी घ्या, चालते. फक्त अ‍ॅसिडिटीचं औषध (मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियम असलेलं अँटासिड) गोळीनंतर दोन तासांनी किंवा आधी सहा तास. लोह-कॅल्शियमलाही हाच नियम. लोह-कॅल्शियम गोळीसोबतच घ्यायचं असेल तर जेवणाबरोबर. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर बारा तासांनी डोल्युटेग्राव्हिरची आणखी एक गोळी. औषधाच्या खिडकीबद्दल तक्रार करण्यासारखं फार काही नाही.

मग गोळ्यांचे खाडे का पडतात? याचं उत्तर खिडकीपासून दहा पावलांवरच्या बाकड्यावर बसलेलं असतं. केंद्र बहुधा जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात असतं आणि दारावर ठळक पाटी असते. ओळखीचं कुणी दिसलं की माणूस एक्स-रेच्या रांगेत जाऊन उभा राहतो आणि गोळ्या न घेताच परततो. रोजंदारीवरच्याची अर्धी हजेरी बुडते ती वेगळीच. त्यासाठी लिंक एआरटी केंद्रं काढली, ग्रामीण रुग्णालयात, घराजवळ. पण तिथला कंपाउंडर गावातला, नात्यातला निघू शकतो. म्हणून काही जण मुद्दाम दुसऱ्या जिल्ह्यातलं केंद्र धरून ठेवतात, आणि त्यांचं बरोबर आहे. ‘जवळचं केंद्र देऊ का?’ असं आधी विचारणारं केंद्र चांगलं, परस्पर पाठवणारं वाईट. या रुग्णांना मिळणाऱ्या एसटीच्या सवलतीचंही तसंच : आजाराचा दाखला कंडक्टरला दाखवावा लागतो, आणि गावच्या गाडीत कंडक्टर सगळ्यांना नावानिशी ओळखतो. पूर्ण तिकीट काढणारे कमी नाहीत.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो समुपदेशकाच्या टेबलावर. तिथे उरलेल्या गोळ्या मोजतात. तीस दिल्या, 28 दिवसांनी आलात, तर दोन उरायला हव्यात. पाच उरल्या म्हणजे तीन खाडे, 28 पैकी 25, साधारण 89 टक्के. हवे असतात 95 च्या वर. हिशेब सोपा आहे, म्हणून फसवणंही सोपं : ओरडा बसतो हे कळलं की जास्तीच्या गोळ्या येतानाच गटारात जातात आणि कागदावर 100 टक्के लागतात. ‘खाडे करत नाही ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ शिवाय उत्तरच नसतं. जाणता समुपदेशक म्हणतो, ‘महिन्यात एखाद-दोन गोळ्या कुणाच्याही चुकतात, तुमच्या कधी चुकल्या?’ मग बाहेर येतं की शनिवारी चुकते, कारण शनिवारी दारू असते आणि दारूवर गोळी घेतली तर विष होतं असं कुणीतरी सांगितलेलं असतं. दारू कमी करायचं बोलणं वेगळं चालू ठेवा, पण प्यायलेल्या दिवशीही गोळी घ्यायचीच, हे स्पष्ट सांगणारे थोडेच भेटतात.

घरातली कारणं याहून बारीक. तीस गोळ्यांची प्लॅस्टिकची बाटली हलवली की खुळखुळते आणि सासूबाई विचारतात, ‘कसली गं गोळी?’ वर थोडा कापूस घाला, लेबल काढा. पण आतली ओलावा शोषणारी पुडी टाकू नका आणि गोळ्या कागदात गुंडाळून ठेवू नका. वेळ ठरवताना घड्याळापेक्षा एकटेपणा बघा : सगळे झोपेत असताना, पाणी भरताना, जे रोज होतं त्याला गोळी जोडा. दोन-तीन गोळ्या घट्ट झाकणाच्या डबीत पर्समध्ये असू द्या. लग्नात मुक्काम वाढतोच. नवरात्रात पाण्याबरोबर घेतली तर उपास मोडला असं मानायचं कारण नाही, रोज्यात सहरी किंवा इफ्तारला घेता येते. चुकलीच तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीला चार तासही उरले नसतील तर सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका.

मनाच्या बाजूला सेवा सर्वात लंगडी. निदानानंतरचे पहिले महिने आणि तब्येत सुधारल्यानंतरचा काळ, दोन्ही धोक्याचे. पहिल्यात गोळी रोज आजाराची आठवण करून देते, दुसऱ्यात ‘आता कशाला’ वाटू लागतं. झोप उडाली, कशातच रस नाही, तर नैराश्य तपासायला पीएचक्यू-9 ची नऊ प्रश्नांची यादी आहे. गर्दीच्या दिवशी ती निघत नाही, म्हणून स्वतः मागा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं, आणि एचआयव्हीसाठी 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे. केंद्रातला केअर कोऑर्डिनेटर स्वतः एचआयव्हीसह जगणारा असतो. डॉक्टरांना न सांगितलेलं त्याला सांगितलं जातं. या एका पदासाठी केंद्राला जादा गुण.

व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची, तपासणी सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा, फुकट. आकडा हजाराच्या (मिलिलिटरमागे विषाणूच्या प्रती) वर आला तर लगेच गोळ्या बदलत नाहीत : आधी समुपदेशन वाढवतात, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त घेतात. रिपोर्टमध्ये विषाणू सापडण्याइतकाही उरला नसेल तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे जोडप्याला बसवून सांगायला हवं. गोळी टिकवणारं इतकं जोरकस कारण दुसरं नाही, आणि नेमकं तेच घाईत राहून जातं.

स्थिर रुग्णांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. ऊसतोडीला निघणाऱ्यांनी दसऱ्याआधीच तारीख घ्यावी, केंद्रातून मिळालेलं उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक सोबत ठेवावं आणि कारखान्याच्या गावाजवळचं केंद्र विचारून बदलीचं पत्र घ्यावं. टोळीचा मुकादम पत्र मागत असेल तर दाखवू नये. एचआयव्हीबाबतच्या 2017 च्या कायद्याने तुमच्या संमतीशिवाय माहिती उघड करायला बंदी आहे.