चार माणसांचा तंबू, दोन लहान मुलं: आठ महिन्यांनंतर

नोव्हेंबरमध्ये घेतला, आता जून संपत आलाय. सहा वेळा बाहेर पडलो, एकूण नऊ रात्री काढल्या. मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीनचा.

'चार माणसांचा' या शब्दांवर जाऊ नका. आमचा सात बाय आठ फुटांचा आहे, म्हणजे माणशी जेमतेम दोन फूट. त्यात झोपेत मुलगा आडवा होतो आणि सामान बाहेर ठेवावं लागतं. लहान मुलं असतील तर सरळ सहा जणांचा घ्या. वजन वाढतं, पण तंबूपर्यंत गाडी जात असेल तर काही बिघडत नाही.

पहिला मुक्काम भंडारदऱ्याला, धरणाच्या पाण्याजवळ. पहाटे आतून थेंब पडायला लागले, मला वाटलं कापड गळतंय. खरं तर तो चौघांच्या श्वासाचा ओलावा होता, थंड कापडाला लागून पाणी झालेला. तेव्हापासून कितीही गारठा असला तरी दोन्ही बाजूंच्या जाळीच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवतो आणि मुलांना मधे झोपवतो. सोबतच्या खुंट्या मुरमाड जमिनीत वाकल्या. लोखंडी घेतल्या, त्या टिकल्या आहेत.

मार्चमध्ये मुलगा खेळताना तंबूवर पडला आणि फायबरची एक काडी चिरली. अशा काडीला उघड्या हाताने धरू नका, तिची बारीक कुसळं कातडीत शिरतात. माझ्या मुलीच्या बोटातलं कुसळ काढायला अर्धा तास लागला आणि ती जितकी रडली, तितका माझाही जीव कासावीस झाला. आता चिमटा आणि चिकटपट्टी कायम पिशवीत असते.

सगळ्यात अवघड काम रात्री दोनला 'आई, शू'. बूट उलटे करून झटकायचे, विंचू नाही ना बघायचं, झोपेतलं पोर कडेवर घ्यायचं. पण डिसेंबरात अशाच एका रात्री मुलीने डोळे चोळत वर पाहिलं आणि मृगातले तीन तारे तिने स्वतः ओळखले. शहरात गच्चीवरून मी तिला कितीदा दाखवले होते! त्या रात्री मला परत झोप लागली नाही, आणि त्याचं काहीच वाटलं नाही.

जूनच्या सुरुवातीला काजव्यांसाठी पुरुषवाडीला गेलो. बॅटरीवर लाल कागद लावला होता, कारण पांढऱ्या उजेडात काजव्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत. एक अख्खं झाड एका तालात लुकलुकायला लागलं, तसा कधीच गप्प न बसणारा मुलगा माझं बोट घट्ट धरून शांत उभा राहिला. रात्री जोराचा पाऊस आला. लेबलवर २००० मिमी लिहिलंय, म्हणजे दोन मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबापर्यंत कापड टिकतं, आणि वरून खरंच थेंबही आला नाही. पाणी आलं खालून! मी अंथरलेली ताडपत्री तंबूबाहेर हातभर राहिली होती, तिने पाऊस गोळा करून आमच्याच खाली सोडला. ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आतच हवी.

ओला तंबू गुंडाळून ठेवला तर बुरशी धरते. आमचा सध्या बैठकीत दोरीवर वाळतोय, आणि मुलं त्याच्याखालीच जेवायला बसतात.