एक लिटरचं सेपरेटिंग फनेल, सात महिने : काच उत्तम, तोटीने घात केला

तोटीचा कान तुटून हातात आला तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. भट्टी नुकतीच उतरवली होती आणि फनेलात दालचिनीच्या पानांचं २१० मिली तेल बसलेलं. तोटी बंद ती बंदच. शेवटी फनेल आडवं करून वरच्या तोंडातून तेल ओतून घेतलं, सोबत पाव लिटर मीठपाणी आलं ते आलंच. त्याच रागात हे लिहायला बसलोय, तेव्हा भाषा थोडी सांभाळून घ्या.

माझी कोकणात छोटी बाग आहे आणि पानांचं तेल काढायची शंभर लिटरची स्टीलची भट्टी. पावसाळ्यानंतर गवती चहा, मग दालचिनीची पानं. भट्टीतून तेल आणि पाणी एकत्रच येतं, ते वेगळं करायला ऑक्टोबरमध्ये हे फनेल मागवलं. बोरोसिलिकेट काच, पेरूच्या आकाराचं, काचेची तोटी, काचेचं बूच. फनेल चालतं कसं ते सांगत बसत नाही, शाळेत रॉकेल आणि पाणी सगळ्यांनीच केलंय. (आणि बूच काढायला विसरून 'धार का थांबली' म्हणून तोटीकडे बघत बसणंही सगळ्यांनीच केलंय. मी अजून करतो.)

टेफ्लॉनच्या तोटीचं हेच फनेल ३८० रुपयांनी महाग होतं. मी म्हटलं, काचेत काच बसते, प्लास्टिकला कशाला पैसे घाला. हे ३८० रुपये लक्षात ठेवा.

पहिले तीन महिने खरंच तक्रार नव्हती. गवती चहाचं तेल पाण्यापेक्षा हलकं, घनता ०.८८ ते ०.९०. तेल वर तरंगतं, खालून पाणी सोडायचं. फनेल खाली निमुळतं होत जातं, त्यामुळे थर तोटीजवळ आला की सांधा रुपयाएवढा होतो आणि शेवटचा थेंबसुद्धा नेमका पकडता येतो. शंभर किलो ओल्या गवताला ३५० ते ४०० मिली तेल निघायचं आणि आधी डाव-पळीने जे वाया जायचं ते पूर्ण थांबलं. तोटीला व्हॅसलीनचं बोट लावलं की लोण्यासारखी फिरायची. तेव्हा हे लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

जानेवारीत दालचिनीची पानं घातली आणि सगळं उलटलं. अक्षरशः. या तेलात मुख्य असतं ते युजेनॉल, लवंगेच्या तेलात असतं तेच, आणि हे तेल पाण्यापेक्षा जड, १.०४ च्या आसपास. ते बुडतं. म्हणजे आता तोटीवर पाणी नाही, तेल बसलं. थर नीट बसावा म्हणून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी बघतो तर तेलाने व्हॅसलीन खाऊन टाकलेलं, तोटी कोरडी, आणि थेंब थेंब करत ९० मिली तेल खाली टेबलावर. टेबलाचा ऑइलपेंट सालीसारखा उचलला गेला. घराला चार दिवस दंतवैद्याच्या दवाखान्याचा वास. शेजारच्या काकू दाढेला लावायला थोडं मिळेल का म्हणून वाटी घेऊन आल्या, त्यांना काय सांगणार, जमिनीवरचं पुसून न्या?

ग्रीस न लावावं तर तोटी गळते. सिलिकॉन ग्रीस आणून पाहिलं, जास्त टिकलं, पण त्याचा अंश तेलात गेला तर गिऱ्हाइकाला शुद्ध तेल म्हणून कुठल्या तोंडाने द्यायचं?

मग ओळखीच्या एका निवृत्त सरांनी फोनवर सांगितलं, पाणी दुधाळ राहतं ना, त्यात तेल अडकलेलं असतं, मीठ घाल. घातलं, लिटरला दोन मुठी. तेलाचा त्रिशंकू झाला! धड वर नाही, धड खाली नाही, मधोमध गोळे तरंगतायत. सरांना परत फोन केला तर ते हसले. लिटरला साठेक ग्रॅम मीठ पडलं की पाण्याची घनता बरोबर १.०४ वर येते, म्हणजे तेलाएवढीच. आणखी घाल म्हणाले. लिटरला २०० ग्रॅमवर पाणी १.१२ च्या घरात गेलं आणि तेल सुळकन वर. बुडणारं तेल तरंगायला लागलं, तोटीवर पुन्हा पाणी, दुधाळपणाही गेला. वीस रुपयांच्या मिठात ३८० रुपये वाचवले म्हणून मी दोन महिने ज्याला त्याला सांगत होतो. एकच सावधगिरी : कुठला थर कुठला ते डोळ्यांवर सोडू नका. वरून दोन-चार थेंब पाणी टाका, वरच्या थरात मिसळून गेले तर तो पाण्याचा, थेंब वेगळेच राहिले तर तेलाचा. एकदा मी सवयीने खालचा थर तेल समजून बाटलीत भरला आणि बाटलीवर लेबलही लावलं होतं.

पण मीठपाणी तोटीच्या फटीत सुकतं हे मला सुचलं नाही. धुवायचो, पण तोटी काढून प्रत्येक वेळी कोण धुतो? शिरोड्याच्या मिठासाठी १९३० साली सत्याग्रह झाला, माझ्याकडे त्या मिठानेच तोटीत बसून सत्याग्रह केला. गरम पाण्याचं फडकं गुंडाळलं, बायकोचा हेअर ड्रायर लावला, शेवटी जोर लावला. पुढचं वर सांगितलंच आहे.

आता दुकानदार. नुसती तोटी द्या म्हटलं, तर आधी 'फुल सेट घ्यावा लागेल'. आठवडाभर भांडल्यावर तोटी पाठवली. आकार तोच, पण गळते. नीट पाहिलं तर माझ्या फनेलच्या नळीवर १७ आकडा कोरलेला, आणि तुटलेल्या तोटीवरही १७. म्हणजे ही जोडी एकमेकांवर घासून बसवलेली, दुसरी तोटी तंतोतंत बसणं मुश्कील. हे विकताना सांगायला काय झालं होतं? दुकानदाराचं उत्तर : 'सर, ग्रीस लावून बघा.'

शेवटी दुसरीकडून टेफ्लॉनच्या तोटीचं घेतलं, या वेळी ५०० मिलीचं. २०० मिली तेलासाठी लिटरचं भांडं ही माझीच हौस होती. दीड महिना झाला. ग्रीस नाही, त्यामुळे तेल खाली बसलं तरी बसू दे. मीठही बंद केलं. तेल तोटीतून थेट बाटलीत, आणि उरलेलं दुधाळ पाणी पुढच्या भट्टीत परत, त्यातलं तेल तिथे निघतं. मिठाचं पाणी स्टीलच्या भट्टीत ओतायची सोय नव्हती, इतके दिवस ते तेल मी गटारात सोडत होतो. हिशेब केला नाही, करणारही नाही.

टेफ्लॉनचेही नखरे आहेत. मागचा नट ढिला तर गळतं, फार आवळला तर तोटी दबून कायमची आकार बदलते. धुऊन ठेवताना नट सैल करतो, आणि उन्हात वाळवायचं तर तोटी काढून, कारण टेफ्लॉन तापलं की काचेपेक्षा जास्त फुगतं आणि काच तडकू शकते.

गवती चहासारखं तरंगणारं तेल असेल तर काचेची तोटी अजूनही चालेल, तिथे माझं मत बदललेलं नाही. दालचिनी, लवंग असलं बुडणारं काही असेल तर ३८० रुपये मुकाट्याने द्या. दुकानदाराने पाठवलेली ती न बसणारी तोटी ड्रॉवरमध्ये पडून आहे. कुणाच्या फनेलला बसली तर घेऊन जा, पोस्टाचा खर्च तुमचा.