नेवार्क विमानतळावरची खासगी गाडी: प्रतीक्षा, बिल आणि चालकाची टिप

न्यू जर्सीत एडिसन, आयसेलिन, पिस्कॅटवे या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे उन्हाळ्यात भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे येतात, आणि पुष्कळदा ते कामाच्या दिवशीच नेवार्कला उतरतात. स्वतः आणायला जाणे जमत नसेल, तर गाडी आगाऊ ठरवावी लागते. तेव्हा तीन पर्याय समोर असतात: गावातलीच एखादी कार सर्व्हिस, जगभरच्या विमानतळांसाठी आरक्षण घेणारे एखादे संकेतस्थळ, किंवा उबर-लिफ्टसारखे ॲप. आमच्याकडे येणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी मी या तिन्ही सेवा वापरल्या आहेत. गाड्या बहुतेक वेळा स्वच्छ होत्या आणि चालकही सभ्य होते. अनुभवांत फरक पडला तो आरक्षण करताना सहसा कोणी न वाचणाऱ्या दोन अटींमुळे: मोफत प्रतीक्षा केव्हापासून मोजली जाणार, आणि टिप बिलात कुठे धरली आहे. त्यामुळे या परीक्षणाचा बराचसा भाग त्या दोन अटींविषयीच आहे.

प्रतीक्षेचे घड्याळ बहुतेक कार सर्व्हिसवाले विमान प्रत्यक्ष जमिनीवर उतरल्यापासून सुरू करतात. विमानाला उशीर झाला, तर त्याचा भुर्दंड प्रवाशावर पडत नाही, ही त्यातली चांगली बाजू. अडचण पुढे सुरू होते. पर्यटक व्हिसावर आलेल्या ज्येष्ठांना इमिग्रेशनची रांग, सामानाचा पट्टा आणि कस्टम्स पार करायला तास-दीड तास सहज लागतो. बॅगेत लोणच्याची बरणी, मेतकूट आणि घरचे लाडू असतील आणि ते प्रामाणिकपणे जाहीर केले असतील, तर शेतीमालाच्या तपासणीसाठी आणखी थांबावे लागण्याची शक्यता धरावी. आंतरराष्ट्रीय विमानासाठी काही कंपन्या साठ मिनिटे मोफत देतात, काही पंचेचाळीस आणि काही फक्त तीस. त्यानंतर दर पंधरा मिनिटांनी किंवा मिनिटागणिक पैसे चढत जातात. म्हणून दोन कंपन्यांच्या भाड्यांची तुलना करताना ज्या कंपनीची मोफत वेळ तीस मिनिटांची आहे, तिच्या भाड्यात किमान अर्ध्या तासाची प्रतीक्षा मनाशी मिळवूनच आकडा पाहावा. स्वस्त वाटणारी गाडी मग तितकीशी स्वस्त राहत नाही.

यावर आमच्या गावातल्या एका कार सर्व्हिसने दिलेला उपाय मला सर्वांत समजूतदार वाटला. प्रवाशांनी बॅगा ताब्यात घेतल्यावर फोन करायचा आणि मगच चालकाने, फोनची वाट पाहत थांबण्यासाठी विमानतळाजवळ असलेल्या वाहनतळावरून निघून दारापाशी यायचे. या पद्धतीत प्रतीक्षेचा हिशेबच जवळजवळ उरत नाही. मात्र भारतातून आलेल्या आजी-आजोबांचा फोन त्या क्षणी चालायला हवा, ही तिची कमकुवत बाजू. रोमिंग सुरू झालेले नसते, विमानतळाचे वाय-फाय जोडता येत नाही, आणि अमेरिकी चालक व्हॉट्सॲपपेक्षा साध्या संदेशावर अवलंबून असतो. आरक्षणात प्रवाशाच्या भारतीय क्रमांकाबरोबर इथल्या मुलाचा किंवा मुलीचा क्रमांक देणे ही त्यामुळे केवळ सोय न राहता गरज ठरते. व्हीलचेअर मागितली असेल, तर ढकलणारा मदतनीस बाहेरपर्यंत सोबत असतो आणि बहुतेक वेळा तोच स्वतःच्या फोनवरून संपर्क साधून देतो. व्हीलचेअर विमान कंपनीने विनामूल्य पुरवायची असते, तरी त्या मदतनीसाच्या हातात पाच-दहा डॉलर ठेवण्याची इथे रीत आहे, आणि त्याच्या कामाकडे पाहता मला ती रास्त वाटते.

नावाची पाटी घेऊन आत उभे राहणाऱ्या चालकासाठी वेगळे शुल्क असते, शिवाय गाडी कडेला सोडून येता येत नसल्यामुळे वाहनतळाचे पैसेही त्यात मिळवले जातात. पहिल्यांदाच येणाऱ्या आणि इंग्रजीत बोलायला बिचकणाऱ्या पाहुण्यांसाठी हे पैसे मी बिनतक्रार देईन. दुसऱ्या खेपेला आलेल्यांना त्याची गरज पडत नाही.

गाडीच्या प्रकाराबाबत एकच सूचना. दोघांच्या मिळून तेवीस-तेवीस किलोच्या चार बॅगा आणि हातातले सामान असेल, तर सेडान पुरत नाही. कंपनी अशा वेळी मोठी एसयूव्ही सुचवते, पण तिची पायरी उंच असते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला पंधरा-सोळा तासांच्या प्रवासानंतर तीत चढणे कठीण जाते. सरकत्या दाराची मिनीव्हॅन बसक्या उंचीची असते, सामानही सामावते. ती मुद्दाम मागून घ्यावी. न मागता मिळत नाही.

आता बिल. फोनवर सांगितले जाणारे भाडे हे पायाभूत भाडे असते, आणि पुण्याहून मुंबई विमानतळापर्यंतची गाडी ठरवताना जसा टोलसकट एकच आकडा ठरवून घेता येतो, तसे इथे गृहीत धरता येत नाही. समजा पायाभूत भाडे १२० डॉलर सांगितले. त्यावर दहा टक्के 'एसटीसी' म्हणजे कंपनीचे प्रशासकीय शुल्क लागले तर १२ डॉलर, पाच टक्के इंधन अधिभाराचे ६ डॉलर, वीस टक्के टिपचे २४ डॉलर. मग टर्नपाइक या महामार्गाचा टोल, आणि पहाटेची वेळ असेल तर तिचा अधिभार. १२० चे १७० कधी झाले ते कळतही नाही. यातले कुठलेच शुल्क बेकायदा नाही. संघीय व्यापार आयोगाचा छुप्या शुल्कांविरुद्धचा जो नियम मे २०२५ मध्ये लागू झाला, तो कार्यक्रमांची तिकिटे आणि अल्पकालीन निवास एवढ्यापुरताच आहे. गाड्यांचे आरक्षण त्यात येत नाही. म्हणून सर्व शुल्कांसह होणारी अंतिम रक्कम ईमेलवर लेखी मागणे हाच व्यवहार्य मार्ग. चांगली कार सर्व्हिस ती पाच मिनिटांत पाठवते. जी 'साधारण एवढे होतील' असे सांगते, तिच्याकडे मी पुन्हा गेलेलो नाही.

टिपच्या बाबतीत गोंधळाचे मूळ 'एसटीसी'पाशी आहे. ही रक्कम कंपनीची असते, चालकाची नव्हे. पण सेवा शुल्कासारखी दिसत असल्यामुळे अनेकजण तिलाच टिप समजतात आणि चालकाला काहीही न देता उतरतात. दुसऱ्या टोकाला बिलात वीस टक्के टिप आधीच धरलेली असताना पाहुणे संकोचापोटी आणखी वीस डॉलर काढून देतात, आणि चालक नको कशाला म्हणेल? दोन्ही चुका टाळायच्या तर बिलात टिपची स्वतंत्र ओळ आहे की नाही, एवढेच पाहायचे. ती असेल तर कर्तव्य पूर्ण झाले. चालकाने बॅगा घराच्या पायऱ्यांवरून वर नेऊन दिल्या, तर वर पाच-दहा डॉलर रोख द्यावेत, ते खुशीचे. ओळ नसेल तर पायाभूत भाड्याच्या पंधरा ते वीस टक्के द्यावेत. टोल आणि अधिभारांवर टिप मोजण्याचे कारण नाही.

याला एक बारीक फाटा आहे. अमेरिकेच्या आयकर खात्याने २०१२ च्या एका निर्णयात स्पष्ट केले आहे की ग्राहकाने स्वेच्छेने, स्वतः रक्कम ठरवून दिलेले पैसेच टिप मानले जातात. मालकाने आपोआप लावलेली ठरावीक टक्केवारी कराच्या दृष्टीने सेवा शुल्क ठरते, मग बिलावर नाव काहीही असो. अशी रक्कम आधी कंपनीच्या हाती जाते. त्यामुळे आरक्षण करताना 'या ओळीतले पूर्ण पैसे चालकाला मिळतात का' असे मी थेट विचारतो. एका ठिकाणी उत्तर हो असे ताबडतोब मिळाले आणि चालकानेही नंतर गप्पांत तेच सांगितले. दुसऱ्या एका कंपनीत फोन घेणाऱ्या बाईंना हा प्रश्न आवडला नाही, आणि तिथे मी ती ओळ काढून टाकायला लावून चालकाला रोख पैसे देण्याची व्यवस्था केली. पाहुण्यांना विमानातून उतरताच सुटे डॉलर मिळणार नाहीत, हे लक्षात घेऊन मुंबईतच परकीय चलन घेताना पाच आणि दहाच्या नोटा मागून घ्यायला सांगावे. शंभराच्या नोटेने कोणाचीच सोय होत नाही.

जागतिक आरक्षण संकेतस्थळांबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. तिथे रुपयांत किंमत दिसते, पैसे भारतातूनच भरता येतात आणि 'सर्व काही समाविष्ट' असे लिहिलेले असते, या सोयी खऱ्या आहेत. पण गाडी शेवटी इथल्याच एखाद्या उपकंत्राटदाराची असते. अशाच एका आरक्षणात चालक टर्मिनल बी सोडून दुसऱ्याच टर्मिनलबाहेर थांबला होता. संकेतस्थळाचा मदत क्रमांक चालकाशी बोलायला सांगत होता आणि चालक संकेतस्थळाशी. 'सर्व काही' या शब्दांत टिप येते का, हेही बहुतेक ठिकाणी स्पष्ट नसते, आणि मधल्या दलालीमुळे चालकाच्या वाट्याला आधीच कमी आलेले असते. स्वतंत्र उल्लेख नसेल तर टिप समाविष्ट नाही असेच समजून चालावे.

ॲपची गाडी बहुधा सर्वांत स्वस्त पडते आणि तिथे टिप प्रवासानंतर निवांत ठरवता येते. मात्र गर्दीच्या वेळी भाडे उसळते, ठरावीक जागेपर्यंत सामान ढकलत न्यावे लागते, आणि गाडी बोलावणारा मुलगा कचेरीत व प्रवासी टर्मिनलमध्ये अशा स्थितीत ताळमेळ घालणे अवघड जाते. तरुण, एकट्या प्रवाशासाठी याहून अधिक काही घेण्याची गरज नाही. सामान थोडे असेल, तर विमानतळाच्या स्थानकावरून आयसेलिनच्या मेट्रोपार्क स्थानकाला जाणारी एनजे ट्रान्झिटची रेल्वेगाडी त्याहून उत्तम.

मुक्काम मॅनहॅटनमध्ये असेल आणि विमान न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर उतरणार असेल, तर खासगी आरक्षणाचा खटाटोप बहुधा अनाठायी आहे. पिवळ्या टॅक्सीचे तिथले ठरावीक भाडे डिसेंबर २०२२ पासून ७० डॉलर आहे. कामाच्या दिवशी दुपारी चार ते रात्री आठ या वेळेत ५ डॉलरचा अधिभार, शिवाय टोल आणि इतर किरकोळ शुल्के. टॅक्सीतल्या पडद्यावर टिपचे मोठे आकडे आधीच मांडलेले असतात, ते पाहून दबून जाऊ नये. स्वतःचा आकडा घालण्याची सोय तिथेच असते. टर्मिनलच्या आत जवळ येऊन 'टॅक्सी हवी का' असे विचारणाऱ्याबरोबर मात्र कधीही जाऊ नये. अधिकृत टॅक्सी बाहेरच्या रांगेतच मिळते, आणि न्यूयॉर्कच्या परवानाधारक, आगाऊ ठरवलेल्या खासगी भाड्याच्या गाडीचा क्रमांक 'टी'ने सुरू होऊन 'सी'ने संपतो.

युरोप किंवा जपान फिरून आलेले पाहुणे तिथलाच नियम इथे लावतात, म्हणून थोडा उल्लेख करतो. जपानमध्ये टिप देऊ केल्यास चालक अवघडतो आणि ती परत करतो. पॅरिसमध्ये विमानतळ ते शहर हे टॅक्सीचे भाडे २०१६ पासून ठरावीक आहे आणि वरचे एक-दोन युरो सोडले तरी पुरते. लंडनमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास दिले की चालक खूश असतो. अमेरिकेत मात्र चालकाच्या कमाईचे गणितच टिप धरून मांडलेले असते, त्यामुळे ती न देणे हे काटकसर म्हणून न पाहता अपमान म्हणून पाहिले जाते.

परतीच्या प्रवासासाठी मी मोठी सेवा घेत नाही. घरून निघताना प्रतीक्षेचा प्रश्न नसतो आणि बॅगा आम्हीच गाडीत ठेवतो. म्हणून त्याच स्थानिक कार सर्व्हिसची साधी मिनीव्हॅन आदल्या दिवशी फोन करून ठरवतो. पाहुणे न्यूयॉर्क राज्याच्या हद्दीतल्या जेएफकेवरून परतणार असतील, तर आणखी एक गोष्ट विचारून घेतो: वाटेतल्या गोथल्स पुलावर टोल फक्त न्यूयॉर्ककडे जातानाच लागतो, तेव्हा तो बिलात एकदाच यायला हवा, आणि व्हेराझानो पुलाचा टोल दोन्ही दिशांना असल्यामुळे चालकाच्या परतीचा टोल कंपनी आमच्याकडून घेते का, तेही लेखी हवे.